चाळीस केबीच्या आतली पानं

काळ्या पडद्यावर टाइप करून काम करणारी माणसं मला पूर्वी फार धीट वाटायची. आता वाटतं, त्यांच्यातल्या निम्म्यांना माझ्यासारखीच भीती वाटत असणार, फक्त तसं ते दाखवत नाहीत. माउसनं फाईल पुसायला गेलं तर कॉम्प्युटर निदान विचारतो, नक्की पुसायची का? वर ती कचऱ्याच्या डब्यात ठेवतो, आणि दोन दिवसांनी आपली चूक लक्षात आली तर परतही देतो. काळा पडदा असले लाड करत नाही. एंटर दाबलं की सांगितलेलं करतो आणि गप्प बसतो. काम झालं तरी गप्प, वाटोळं झालं तरी गप्प. माझी थोरली बहीण रागावली की अशीच गप्प बसायची. गप्प बसणाऱ्यांची धास्ती मला तेव्हापासूनची.

मी तेव्हा शेलूबाजारहून रोज वाशीमला यायची. जुनं सरकारी दप्तर स्कॅन करून देणाऱ्या एका खाजगी एजन्सीत कंत्राटावर होते. एका कचेरीच्या मागच्या अंगाला आम्हाला खोली दिली होती. एक खिडकी, एक पंखा, दोन टेबलं. स्कॅन करणारी मंडळी येऊन काम उरकून पुढच्या तालुक्याला निघून गेली होती आणि मागं मी एकटी उरले होते. त्यांनी काढलेली चित्रं नीट लावायची, तपासायची, वर सर्व्हरवर चढवायची आणि कोणी नोंद मागायला आलं तर शोधून द्यायची, हे माझं काम.

नोंदी असायच्या कोतवाल बुकातल्या. गावच्या कोतवालानं ठेवलेली जन्म-मृत्यूची वही म्हणजे कोतवाल बुक. कोणाच्या घरी, कोणत्या तारखेला, मुलगा की मुलगी, बापाचं नाव आणि जात. एवढ्याच रकान्यांवर आजही कितीतरी पोरापोरींचं शिक्षण टांगलेलं असतं. जातीच्या दाखल्याची पडताळणी करायची तर आम्हाला पन्नास सालाआधीचा पुरावा लागतो. आम्हाला म्हणजे बौद्धांना. माझ्या आज्यानं दीक्षा घेतली तेव्हा जुनं सगळं टाकून दिलं, देवसुद्धा नदीत सोडले. पण नातीला कॉलेजात जागा हवी तर त्यानं टाकलेली जात कागदावर शोधून दाखवावी लागते. माझी पडताळणी अशाच एका वहीतल्या एका ओळीवर झाली. त्या ओळीसाठी माझ्या बाबांनी दोन पावसाळे चकरा मारल्या. त्यामुळं या वह्यांची किंमत मला माहीत नव्हती असं कोणी म्हणू नये. मला माहीत होती, आणि तरी जे झालं ते माझ्याच हातून झालं.

स्कॅनची चित्रं हजारो होती. तालुक्याच्या फोल्डरात गावांची फोल्डरं, गावाच्या आत वह्या, वहीच्या आत वर्षं, वर्षाच्या आत पानं. माउसनं एकेक उघडत बसले असते तर माझं कंत्राट संपलं असतं आणि पहिलाच तालुका सरला नसता. म्हणून मी शेलूबाजारच्या आमच्या सरांकडं गेले. सर तिथं कॉम्प्युटर क्लास चालवायचे. मी त्यांच्याकडंच टायपिंग शिकले होते. त्यांनी मला काळा पडदा उघडून दाखवला आणि ‘फाइंड’ ही कमांड शिकवली. वरच्या फोल्डरात उभं राहून हिला सांगायचं, अमक्या नावाची, अमक्या आकाराची फाईल शोध. ती खालच्या सगळ्या फोल्डरांत, त्यांच्या पोटातल्या फोल्डरांत, अगदी तळापर्यंत जाऊन येते. शोधलेल्याचं काय करायचं तेही तिलाच सांगता येतं. यादी कर म्हटलं की यादी करते. पूस म्हटलं की पुसते.

सरांनी दोन गोष्टी बजावल्या. एक म्हणजे फोल्डरच्या नावात मोकळी जागा सोडायची नाही. ‘शेलू बाजार’ असं तोडून लिहिलं आणि यादी नीट बांधून न देता दुसऱ्या कमांडच्या हातात दिली, तर ती शेलू वेगळं समजते आणि बाजार वेगळा. दुसरी गोष्ट त्यांनी खडू माझ्याकडं रोखून सांगितली.

“आधी पाह्य, मंग कर. अन् जे पाह्यलं ते लिहून ठेव. पुसल्यावर रडून काही भेटत नाही.”

पहिल्या गोष्टीची मी इतकी धास्ती घेतली की आठवडाभर नुसती गावांची नावंच जोडत बसले. माणूस ज्याला भितो तिथं बरोबर लक्ष ठेवतो. माझं सगळं लक्ष नावांवर होतं.

उन्हाळ्याच्या सुरुवातीला एजन्सीच्या साहेबांचा फोन आला. साहेबांना मी जन्मात दोनदा पाहिलं असेल, बाकी सगळं फोनवर. ते म्हणाले, वर चढवायला फार वेळ लागतोय, वह्यांची अर्धी पानं मागून कोरी आहेत, ती कोरी पानं कशाला चढवता? काढून टाका. बोलणं रास्त होतं. वहीच्या पुढच्या बाजूला शाईनं लिहिलेलं असायचं आणि मागची बाजू बहुतेक वेळा रिकामी. स्कॅनवाल्यांनी दोन्ही बाजू काढल्या होत्या, कारण त्यांना पानामागं मजुरी होती.

कोरं पान ओळखायचं कसं, तर आकारावरून. लिहिलेल्या पानाची फाईल जड असते, कोऱ्याची हलकी. मी दहा-वीस फाईली ताडून पाहिल्या. शाईचं पान शंभर केबीच्या खाली येत नव्हतं आणि कोरं तिसाच्या वर जात नव्हतं. मी मधला आकडा धरला, चाळीस. सरांनी शिकवल्याप्रमाणं आधी नुसती यादी केली आणि ती वेगळ्या फाईलमध्ये ठेवली. चाळीस केबीच्या आतली सहाशेच्या वर पानं निघाली. त्यातली पहिली वीस मी उघडून पाहिली. उघडून म्हणजे काय, फोल्डरात बोटाच्या पेराएवढी छोटी चित्रं दिसतात, तेवढी पाहिली. सगळ्या मागच्या बाजू, सगळ्या पांढऱ्या. मग कमांडचं शेवटचं टोक बदलून मी ‘पूस’ केलं आणि एंटर दाबलं.

चार सेकंद लागले असतील. पडदा गप्प.

पानं काढल्यामुळं नंबरांत मध्येमध्ये खिंडारं पडली होती, आणि चढवणारं सॉफ्टवेअर खिंडार आलं की अडून बसायचं. म्हणून दुसरी एक कमांड चालवून सगळ्या पानांना पुन्हा ओळीनं नंबर दिले. आता कुठं काही कमी आहे असं वाटायलाही जागा उरली नाही. माल सर्व्हरवर चढला. महिन्याभरात साहेबांनी मूळ हार्डडिस्क मागवली, पुसून पुढच्या तालुक्याला धाडली आणि मला फोनवर शाबासकी दिली. मी सरांना सांगितलं तेव्हा त्यांनी विचारलं, “यादी ठेवली ना?” मी म्हटलं, ठेवली. “पानं उघडून पाह्यली?” मी म्हटलं, पाह्यली. वीस म्हणाले नाही. छोटी चित्रं म्हणाले नाही.

पुढं लोक येऊ लागले. दहावी-बारावीचे निकाल लागले की या खोलीपुढं रांग लागायची. गाव आणि साल विचारून मी ते फोल्डर उघडायची, पान न पान डोळ्याखालून घालायची. नोंद मिळाली की छापून द्यायची. नाही मिळाली की ठरलेलं पत्र होतं: ‘संगणकीकृत अभिलेखाची पाहणी केली असता सदर नोंद आढळून येत नाही.’ मी छापायची, कचेरीतला बाबू सही करायचा. माणूस पत्र घेऊन निघून जायचा. काही जण दारात जरा वेळ उभे राहायचे, मग तेही जायचे.

एक माणूस मात्र गेला नाही. श्रावण सुरू होता. रिठदकडच्या एका गावातून आला होता. पन्नाशीचा, अंगानं काटक, हातात प्लास्टिकची पिशवी आणि पिशवीत कागदांची चळत. पोरीला नर्सिंगला नंबर लागला होता. वैधता प्रमाणपत्र दिलं नाही तर सोमवारी जागा जाणार होती, आणि आज गुरुवार होता. त्याला त्याच्या वडलांच्या जन्माची नोंद हवी होती, बेचाळीस सालची. मी फोल्डर उघडलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिलं आणि पत्र छापलं.

त्यानं पत्र वाचलं, घडी घातली नाही, परत माझ्यापुढं ठेवलं.

“काहून भेटत नाही म्याडम?”

“वहीत नाही, काका. मी सगळं पाहिलं.”

“वहीत हाय जी. हे पाहा.” त्यानं चळतीतून एक झेरॉक्स काढली. “हा आमचा शेजारी. याच्या बापाची नोंद. माह्या बाबाहून आठ दिवसानं मोठा. एकाच गल्लीतली घरं. याले भेटली दहा वर्षांमांगं, तवा कागदावर पाहत होते. मंग माह्या बाबाची कोठी गेली?”

ती कचेरीची नक्कल होती. सही, शिक्का, आणि कोपऱ्यात बारीक अक्षरात शेरा: पान बावन्न, मागील बाजू.

मागील बाजू हे दोन शब्द मी पुन्हा वाचले. मी त्याला बसायला सांगितलं. बेचाळीसच्या फोल्डरात मी बावन्नावं पान उघडलं. शाईनं लिहिलेलं होतं, भलतीच नावं, भलताच महिना. साहजिकच होतं. नंबर तर मीच नव्यानं दिले होते. शेजाऱ्याच्या बापाचं नाव शोधत मी सगळं साल पुन्हा पाहिलं. दहा वर्षांपूर्वी जे नाव कचेरीनं स्वतः वाचून लिहून दिलं होतं, ते माझ्या कॉम्प्युटरात कुठंच नव्हतं.

मग यादी उघडली. ‘ग्रेप’ म्हणून दुसरी कमांड असते, ती मजकुरातून हवी ती ओळ वेचून देते. मी गावाचं नाव आणि साल दिलं. वाटत होतं, नसू दे. पडद्यावर अकरा ओळी आल्या. सातवी ओळ होती बेचाळीसच्या पान बावन्नची, मागची बाजू. आकार छत्तीस केबी. आठ दिवसांच्या फरकाच्या दोन्ही नोंदी त्याच पानावर असणार.

तो माणूस समोर बसून माझ्याकडं पाहत होता. मी त्याला म्हटलं, जरा थांबा, मी दप्तरखान्यात बघून येते. तो म्हणाला, “थांबतो ना जी. सोमवारपर्यंत मले दुसरं कोनतं काम हाय?”

व्हरांड्यात येऊन मी सरांना फोन लावला. विचारलं, फाइंडनं पुसलेलं परत येतं का? त्यांचा क्लास भरला होता, मागं की-बोर्डांचा आवाज येत होता. मग म्हणाले, “मूळ डिस्क कोठी हाय?” मी सांगितलं, पुसून पुढं गेली. “मंग कागद पाह्य पोरी. आता कागदच हाय.” रागावले नाहीत. रागावले असते तर बरं वाटलं असतं.

दप्तरखाना सांभाळणाऱ्या माणसाला सगळे बाबा म्हणत. ते पुढच्या वर्षी निवृत्त होणार होते. नोकरीची सगळी वर्षं त्यांनी त्या कोंदट खोलीत काढली होती. कोणतं गाव कोणत्या फडताळात ते डोळे मिटून सांगत. स्कॅनिंग सुरू झाल्यापासून मात्र त्यांच्याकडं कोणी फिरकत नव्हतं आणि त्याचा राग त्यांनी माझ्यावर काढला होता. मी किल्ली मागितली तेव्हा ते बाकावर तंबाखू मळत होते.

“आता कायले कागद पाह्यजे? तुह्या डब्यात हाय ना सारं.”

“नाही बाबा,” मी म्हटलं. “सगळं नाही.” आणि मला रडूच फुटलं. मग काय केलं ते सगळं सांगितलं. आकार, चाळीसचा आकडा, छोटी चित्रं, सगळं. त्यांना केबी म्हणजे काय ते कळलं नसेल, पण मागच्या बाजूची पानं काढली म्हटल्यावर त्यांचा तंबाखू मळणारा अंगठा थांबला.

“मांगची? अवं, मांगं तर पेन्सिलीच्या नोंदी राह्यतात.”

कुलूप काढता काढता त्यांनी सांगितलं. कोतवालाकडं शाई नसायची. तो गावभर फिरून जन्म-मृत्यू ऐकायचा आणि वहीच्या मागच्या अंगाला पेन्सिलीनं कच्ची नोंद करायचा. महिन्याच्या शेवटी वही पाटलाकडं जायची आणि तिथं कोणीतरी त्या नोंदी पुढच्या बाजूला शाईनं उतरवायचा. “साऱ्याच नाही उतरवायचे,” बाबा म्हणाले आणि किल्लीकडं पाहत राहिले. “ते गावाबाहेरच्या घरायच्या राहून जायच्या. तशाच पेन्सिलीत. कंटाळा करत असतीन. आमच्याच आज्या-पणज्यायनं केलं असंन, आता काय सांगू तुले.”

मला तेव्हा समजलं की मी कोणती पानं पुसली होती. स्कॅनवाल्यांनी पिवळा कागद पांढरा दिसावा म्हणून सेटिंग लावलं होतं, त्यात ऐंशी वर्षांची पेन्सिल आणखी पुसट झाली होती. शाई जड आणि पेन्सिल हलकी. सहाशे पानांत सगळी तशी नसतील, खरोखर कोरी पुष्कळ असतील. पण जी कोरी नव्हती ती कोणाच्या घरांची होती, हे मला कोणी सांगायची गरज नव्हती. माझा आजा त्याच घरांतला. माझी स्वतःची ओळही मागच्याच बाजूची होती की काय, हे बघायची हिंमत मला त्या दिवशी झाली नाही.

आत अंधार होता आणि ओलीचा वास येत होता. बाबांनी बॅटरी लावली. त्या गावाचं दप्तर असायचं ते फडताळ रिकामं होतं. स्कॅन झालेल्या वह्या परत आल्या तेव्हा कोणीतरी त्या जागेवर न लावता मागच्या भिंतीशी जमिनीवर रचून ठेवल्या होत्या. कॉम्प्युटरात गेल्या म्हटल्यावर त्यांची काळजी कोण करणार? बाबांनाही त्या खोलीत कोणी पाठवलं नव्हतं आणि रुसून तेही गेले नव्हते. लाल कापडात बांधलेले गठ्ठे एकावर एक होते. वरचे दोन कोरडे निघाले. तिसरा त्या माणसाच्या गावाचा.

बाबांनी गाठ सोडली. वरची वही धड होती, अडतीस सालची. तिच्याखालची चाळीसची, तिच्या कडा खाल्लेल्या. बेचाळीसची वही बाबा उचलायला गेले तर तिचा खालचा भाग जमिनीलाच राहिला. बॅटरीच्या उजेडात माती दिसली, ओलसर, बारीक बोगद्यांची.

“उधई,” बाबा म्हणाले आणि मटकन खाली बसले.

मी पानं मोजायला लागले. एकेक पान पोस्टकार्डानं अलगद सोडवायचं आणि उलटायचं. तीस, बत्तीस, पस्तीस. मागच्या बाजूंना खरंच पेन्सिल होती. बॅटरी तिरपी धरली की अक्षरं वर यायची, नाव, बाप, तारीख. माझ्या छोट्या चित्रांत यांतलं एक अक्षर दिसलं नव्हतं. एकेचाळीसाव्या पानाला अर्धं पान उरलं होतं. चव्वेचाळीसाव्याला हाताच्या तळव्याएवढं. त्यानंतर माती. मी माती बोटांनी उकरली. तिच्यात कागदाचे कपटे होते, नखाएवढे. बाबांनी माझा हात धरला आणि म्हणाले, “राहू दे.” मी तरी उकरत राहिले.

वाळवी पावसाळ्यात लागली होती. स्कॅन झालं तेव्हा, उन्हाळ्याच्या आधी, पान बावन्न धड होतं. त्याचं चित्र निघालं होतं. छत्तीस केबीचं का होईना, पण निघालं होतं, आणि उजेड-अंधार कमीजास्त करून ते वाचता आलं असतं. पावसाळ्यात कागद गेल्यावर जगात त्या नोंदीची तेवढी एकच जागा उरली असती, आणि ती मी उन्हाळ्यातच चार सेकंदांत रिकामी केली होती.

खोलीकडं परत जाताना तो व्हरांडा मला संपू नये असं वाटत होतं. काय सांगायचं याचे तीन-चार मार्ग सुचले. वही वाळवीनं खाल्ली, एवढं सांगितलं तरी ते खोटं नव्हतं. वाळवीला कोणी जाब विचारत नाही. कंत्राट माझं, घर माझ्यावर, धाकट्याचं शिक्षण माझ्यावर. हे सगळं माझं तेवढ्या वीस पावलांत मोजून झालं होतं. बाबा मागून येत होते, त्यांनी एकदाही तू काय सांगणार असं विचारलं नाही.

तो माणूस तिथंच होता. पिशवी मांडीवर, शेजाऱ्याची नक्कल वर. माझ्या नखांतली माती त्यानं पाहिली.

“भेटलं का जी?”

“नाही,” मी म्हटलं. “वही वाळवीनं खाल्ली.” इथं थांबता आलं असतं. “पण त्याच्या आधी कॉम्प्युटरात पान होतं. पेन्सिलीचं होतं म्हणून मला कोरं वाटलं. मी पुसलं.”

मला वाटलं तो ओरडेल. मी टेबलाची कड धरून ठेवली होती. तो माझ्याकडं असा पाहत होता, जणू मी काहीतरी दुसरंच बोलले होते.

“म्हंजे होतं तर?” तो म्हणाला.

“हो. होतं.”

“पडताळणीवाले दोन साहेब म्हनले, तुह्या बापाची नोंदच केली नसंन कोनं. माहा बाप मेला तवाही हेच म्हने, आपलं नाव कोठी लिवतात ते लोक. मी म्हनलं असंन बा.” त्यानं पंच्यानं तोंड पुसलं. “लिवलं होतं मंग.”

मी यादीतली ती सातवी ओळ त्याला पडद्यावर दाखवली. गाव, साल, पान, बाजू. त्यानं बोट लावून ती ओळ वाचली आणि विचारलं, “हे असं लिहून देता का? पान होतं अन् तुमच्याकून पुसलं, असं?”

पुढं काय झालं ते मला नंतर कळलं. जात पडताळणी समितीनं ते पत्र, यादीची ओळ आणि शेजाऱ्याची नक्कल एकत्र ठेवून घेतली, वडलांच्या शाळेचा दाखला आणायला सांगितलं आणि पोरीला मुदत दिली. पोरगी नर्सिंगला गेली. माझं कंत्राट पुढं वाढलं नाही. त्याआधीच्या उरलेल्या दिवसांत मी जावक पत्रांच्या फोल्डरांतून, महिन्याच्या आत गाव आणि गावाच्या आत पत्र असं, ‘आढळून येत नाही’ एवढे शब्द ग्रेपनं शोधले, निघालेली गावं पुसलेल्या पानांच्या यादीशी ताडली, आणि बाबा व मी गठ्ठा न गठ्ठा सोडून ती पानं पाहिली. बरीचशी कोरडी होती. ती मिळाली की मी अर्जावरच्या नंबरावर फोन लावायची, आणि दर वेळी घंटा वाजू लागली की वाटायचं, उचलू नये. काहींनी उचललाच नाही. एका बाईनं उचलला आणि म्हणाली, आता नको, पोरगं कामाला लागलं.

पण त्या गुरुवारी यातलं काही घडलं नव्हतं. साहेबांना सांगायचं बाकी होतं. बाबूची सही व्हायची होती, आणि तो करेल की नाही हे माहीत नव्हतं. पोरीची जागा राहील की जाईल, कोणालाच ठाऊक नव्हतं. मी पत्र टाइप केलं. चार ओळी होत्या, दोनदा चुकले. प्रिंटरनं कागद बाहेर टाकला तेव्हा बाबांनी तो उचलून माझ्यापुढं ठेवला.

त्या माणसानं चारही ओळी सावकाश वाचल्या. मग खाली माझं नाव होतं तिथं, सहीच्या मोकळ्या जागेवर बोट ठेवलं. आलेल्या अर्जांवर खुणा करायला मी सकाळपासून जी पेन्सिल वापरत होते ती हाताशीच होती, मी तीच उचलली.

“पेनानं करा जी,” तो म्हणाला. “पेन्सिलीनं नको.”

मी पेन्सिल ठेवली आणि खणात पेन शोधायला लागले.